तळे राखी तो पाणी चाखी



‘तळे राखी तो पाणी चाखी’ ही म्हण मराठी माणूस बहुधा उपरोधाने उच्चारतो. सार्वजनिक कामावर नेमलेल्या एखाद्या इसमाने त्या कामातून स्वतःपुरते काही काढून घेतले, की ही म्हण ऐकू येते. परंतु उपरोध बाजूला ठेवून तिचा सरळ अर्थ घेतला तर तीत गावकारभाराचा एक पक्का नियम सापडतो. जो तळे राखतो त्याला तळ्याचा लाभ मिळावा. आणि ज्याला तळ्याचा लाभ मिळतो त्याने ते राखावे. लाभ एकाकडे आणि राखण दुसऱ्याकडे, अशी फारकत झाली की तळे नासते. गोव्यातील अनेक तळ्यांच्या आजच्या अवस्थेमागे हीच फारकत आहे. तळ्याच्या राखणीचा पैसा कोठून यावा, तो कोणाच्या हाती असावा आणि कोणत्या रीतीने खर्च व्हावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

तळ्यावर गावाचे काय अवलंबून असते

गोव्यातील बरीच तळी पूर्वजांनी बांध घालून आणि पावसाचे पाणी अडवून तयार केलेली आहेत. सरद पीक पावसावर निभावते, त्यामुळे पावसाळ्यात शेतकऱ्याला तळ्याची फारशी आठवण होत नाही. खरी गरज पडते ती मार्गशीर्षानंतर. वायंगणाच्या शेतीला पाणी हवे असते आणि ते तळ्याचे दार उघडूनच सोडावे लागते. तळ्यात पाणी राहिले तर आसपासच्या विहिरींना उन्हाळ्यात पाझर राहतो. तळ्यातली मासळी गावाच्या ताटात येते. थंडीत दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि शाळेतील मुलांना पुस्तकाबाहेरचा निसर्ग पाहावयास मिळतो.

कुडचडे येथील नंदा तळे हे याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे ४२ हेक्टरांचे हे पाणथळ क्षेत्र २०२२ साली रामसर यादीत समाविष्ट झाले आणि आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे ठरलेले ते गोव्यातील पहिले पाणथळ ठिकाण ठरले. तेथे पावसाळ्यानंतरच्या काळात पाणी साठविले जाते आणि खालच्या अंगाला भातशेती पिकते. म्हणजे ज्या तळ्याचे नाव जगाच्या यादीत गेले, ते मुळात शेतकऱ्याच्या उपयोगाचे तळे आहे.

केंद्र सरकारने देशातील जलसाठ्यांची पहिली गणना करून तिचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध केला. त्यात एकंदर २४,२४,५४० जलसाठे नोंदले गेले आणि त्यांपैकी ९७.१ टक्के ग्रामीण भागात आढळले. ३८,४९६ जलसाठ्यांवर अतिक्रमण झाल्याची नोंदही याच गणनेत आहे. इतक्या साठ्यांकडे राजधानीतून लक्ष ठेवणे कोणत्याही खात्याला शक्य होणारे नाही. गावचे तळे गावच्या संस्थेनेच पाहिले पाहिजे, हे या आकड्यांवरून उघड होते.

पाहुणे वनस्पती आणि त्यांची वाढ

तळ्याचे नुकसान गाळाने होते, सांडपाण्याने होते आणि अतिक्रमणानेही होते. परंतु सर्वांत वेगाने होणारे नुकसान पाण्यावर तरंगणाऱ्या परदेशी वनस्पतींमुळे होते. त्यांतील दोन ओळखून ठेवणे आवश्यक आहे.

पहिली जलपर्णी, म्हणजेच केंदाळ. हिचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जांभळ्या फुलांच्या हौसेने ती बंगालमध्ये आणली गेली आणि तेथून देशभर पसरली. सासष्टीतील साळ नदीतही ती ठाण मांडून असते. दुसरी साल्व्हिनिया. हे ब्राझीलच्या आग्नेय भागातून आलेले, पाण्यावर तरंगणारे नेचे आहे. करमळीच्या तळ्याला तिचा उपद्रव झालेला आहे.

दोघींच्या स्वभावात एक महत्त्वाचा भेद आहे. साल्व्हिनियाला बी धरत नाही. तुकड्यापासून तुकडा फुटून ती वाढते. यास्तव तळ्यातील शेवटचा तुकडा निघाला तर ती बाहेरून कोणी आणल्याखेरीज परत येत नाही. केंदाळाला मात्र बी येते, ते चिखलात बसते आणि वीस वर्षांपर्यंतही रुजण्याची शक्ती टिकवून धरते. म्हणून केंदाळ एकदा काढले आणि काम संपले, असे कधीच होत नाही. ज्या तळ्यात केंदाळाने एकदा फूल धरले, त्या तळ्यावर पुढची वीस वर्षे पहारा ठेवावा लागतो. पैशाच्या प्रश्नाचे मूळ याच गोष्टीत आहे. शत्रू वीस वर्षे दबा धरून बसणारा आणि अनुदान मात्र एका वर्षापुरते, हा सामना बरोबरीचा नव्हे.

दोन टन आणि दोन हजार टन

एक साधे गणित मांडून पाहावे. पाणी उबदार असेल आणि त्यात सांडपाण्याचे खत मिसळत असेल, तर केंदाळाचा विस्तार साधारण पंधरा दिवसांत दुप्पट होऊ शकतो. पाऊस सरल्यावर तळ्याच्या एका कोपऱ्यात १०० चौरस मीटरांचा पट्टा दिसला असे समजावे. पंधरा दिवसांनी तो २०० होतो, महिन्याने ४००. तीन महिन्यांत सहा वेळा दुप्पट होऊन तो ६,४०० चौरस मीटर होतो आणि पाच महिन्यांत दहा वेळा दुप्पट होऊन १,०२,४०० चौरस मीटर, म्हणजे दहा हेक्टरांहून अधिक.

आता वजन पाहावे. दाट वाढलेल्या केंदाळाचे ओले वजन हेक्टरी दोनशे टन किंवा त्याहूनही अधिक भरते, आणि त्यातला बहुतांश भाग पाणीच असते. या हिशेबाने आरंभीचा पट्टा दोन टनांचा आहे. चारसहा माणसे, एक होडी आणि एक टेम्पो यांच्या बळावर तो दिवसा-दोन दिवसांत निघतो. पाच महिन्यांनंतरचा पसारा दोन हजार टनांचा असतो. त्याला यंत्र लागते, अंदाजपत्रक लागते, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश लागतो. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत पंधरवडे जातात आणि प्रत्येक पंधरवड्याला काम दुप्पट होते. यात कोणा अधिकाऱ्याचा दोष नाही. सार्वजनिक पैसा नियमानेच खर्च झाला पाहिजे. परंतु वनस्पतीला नियमांची वाट पाहण्याची गरज नसते.

याचा परिणाम प्रथम शेतकऱ्याला भोगावा लागतो. पाणी सोडण्याच्या दारापाशी केंदाळाचा थर अडकला, की माघ महिन्यात खालच्या वायंगणाला पाणी पोचत नाही आणि आषाढात वरच्या शेतातले पाणी उतरत नाही. खालच्या टोकाचा कसणारा बहुधा थोड्या जमिनीचा धनी असतो. एक वर्ष पीक गेले, दुसरे वर्ष गेले, की तो शेत पडीक टाकतो आणि मुलगा गावाबाहेर नोकरी पाहतो. पडीक शेतात पुढे भराव पडतो. तळे आणि शेत अशी दोन्ही जातात आणि त्याचा आरंभ एका टेम्पोत मावणाऱ्या हिरव्या पट्ट्यापासून झालेला असतो.

निष्कर्ष स्पष्ट आहे. तळ्याला दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी न चुकता हाती असणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते आणि ती रक्कम तळ्याच्या शक्य तितक्या जवळ असावी लागते.

गावकरीचा धडा

ही कल्पना गोव्याला नवी नाही. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून येथील गावांचा कारभार गावकरी संस्थेकडे होता. अफोंसो मेशिया याने १५२६ साली गावकऱ्यांचे रीतिरिवाज लिहून काढले, ते फोराल या नावाने प्रसिद्ध आहेत. पुढे याच संस्थेला कोमुनिदाद हे नाव रूढ झाले. गावची शेते, खाजने, मानशी आणि तळी यांचा ठेका पावणी घालून दिला जाई. मानशीवरच्या मासळीची पावणी होई. त्या उत्पन्नातून बांधांची दुरुस्ती, पाण्याच्या वाटांची सफाई, देवस्थान आणि गावसेवक यांचा खर्च भागविला जाई आणि उरलेली रक्कम गावकऱ्यांत वाटली जाई. सुमारे १८,००० हेक्टरांची खाजन जमीन खाऱ्या पाण्यापासून राखण्याचे सामर्थ्य या व्यवस्थेतूनच आले.

या व्यवस्थेचा गाभा असा, की पैसा वसूल करणारी संस्था आणि बांध पाहणारी संस्था एकच होती. बांध फुटला तर उत्पन्न बुडे आणि उत्पन्न बुडाले तर वाटणी बुडे. त्यामुळे राखण करण्यात प्रत्येक हिस्सेदाराचा स्वार्थ गुंतलेला होता.

अर्थात ती व्यवस्था निर्दोष नव्हती. हिस्सा मूळ गावकरी घराण्यांतील पुरुषांना मिळे. प्रत्यक्ष चिखलात उतरणाऱ्या कुळाला आणि स्त्रियांना त्यात स्थान नव्हते. मुक्तीनंतर १९६४ साली कृषी कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कुळाला जमिनीची मालकी मिळाली. तो न्याय आवश्यकच होता. तथापि त्या बदलात एक गोष्ट मागे राहिली. शेताचे उत्पन्न कसणाऱ्याकडे गेले, पण बांधाची आणि पाण्याची सामायिक जबाबदारी त्याच प्रमाणात कोणाकडे गेली नाही. कोमुनिदादीचे उत्पन्न आटले. कुळांच्या संघटना झाल्या, परंतु सर्वच ठिकाणी त्या सारख्या जाग्या राहिल्या नाहीत. राखणीची थैली रिकामी झाली ती तेव्हा.

म्हणूनच आज एखाद्या तळ्यात केंदाळ माजले, की पहिला प्रश्न उभा राहतो: तळे कोणाचे? जमीन कोमुनिदादीची किंवा देवस्थानाची, पाण्याचे दार जलसंपदा खात्याच्या देखरेखीखालचे, मासळीचा ठेका तिसऱ्याचा आणि तक्रार येते ती ग्रामपंचायतीकडे. मालकीचा वाद कोर्टात किंवा दप्तरात चालू राहो. राखणीचा करार मात्र त्यासाठी थांबता कामा नये. पंचायत, कोमुनिदाद, शेतकऱ्यांची संघटना आणि खाते यांनी एकत्र बसून वर्षाचे काम आणि वर्षाचा वाटा लिहून ठेवावा. राखणीत वाटा दिल्याने कोणाची मालकी कमी-जास्त होत नाही, असे एक वाक्य त्या करारात घातले, की बहुतेकांची भीती जाते.

बाहेरची दोन उदाहरणे

बंगालने केंदाळाविरुद्ध १९३६ साली स्वतंत्र कायदा केला. १९३७ च्या निवडणुकीत केंदाळ निर्मूलनाचे आश्वासन जाहीरनाम्यांत आले आणि १९३९ साली फजलुल हक यांच्या मंत्रिमंडळाने केंदाळ निर्मूलनाचा सप्ताह घडवून आणला. लोकांनी पाण्यात उतरून काम केले. इतके होऊनही गंगेच्या त्या त्रिभुज प्रदेशातून केंदाळ गेले नाही. आजही पश्चिम बंगाल आणि बांगलादेश या दोन्हीकडे ते आहे. सप्ताहाने उत्साह निर्माण होतो. परंतु चिखलातले बी सप्ताह संपल्यावर रुजते. मोहिमेच्या मागे वर्षभराचा पहारा नसेल, तर मोहीम वाया जाते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथील विस्कॉन्सिन राज्यात १९७४ पासून सरोवराभोवतीच्या रहिवाशांना ‘सरोवर जिल्हा’ नावाची लहानशी स्थानिक संस्था स्थापता येते. तिची वार्षिक सभा भरते; मतदार आणि मालमत्ताधारक अंदाजपत्रक मंजूर करतात आणि सरोवरासाठी किती कर द्यावयाचा हे स्वतः मतदानाने ठरवितात. शेजारच्या मिनेसोटा राज्याने २०१४ साली आणखी एक पाऊल टाकले. परक्या जलजीवांचा प्रसार रोखण्यासाठी राज्याच्या तिजोरीतून जिल्ह्यांना दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याची तरतूद केली. ती वाटताना जिल्ह्यात बोटी पाण्यात सोडण्याच्या जागा किती आणि तेथे वाहने उभी करण्याची सोय किती, हे पाहिले जाते. कारण बोटींबरोबरच हे जीव एका सरोवरातून दुसऱ्यात जातात. जेथून धोका शिरतो तेथे पैसा, हा त्यामागचा विचार आहे.

गोव्याच्या तळ्यांत मोटारबोटींची ती गर्दी नाही. येथे धोका अन्य वाटांनी येतो. घरच्या काचेच्या पेटीतील शोभेची वनस्पती ओढ्यात फेकली जाते, किंवा एका तळ्यात काम केलेले यंत्र न धुता दुसऱ्या तळ्यात उतरते. त्या देशांचे नियम उचलून येथे लावण्याचे कारण नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच: दरवर्षीची ठरलेली रक्कम, आणि ती ठरविणारी गावचीच सभा.

पैसा कोठून येईल

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनंतर १९९४ साली गोवा पंचायत राज कायदा झाला. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत लहान पाटबंधारे, पाण्याचे व्यवस्थापन, मत्स्यव्यवसाय हे विषय पंचायतींना सोपविण्याजोगे म्हणून दिलेले आहेत. नगरपालिकांसाठी बाराव्या अनुसूचीत पर्यावरणाचे संरक्षण हा विषय आहे. कर बसविण्याचा अधिकार मात्र राज्याच्या कायद्याने दिला असेल तितकाच असतो. म्हणून नवा कर शोधण्यापेक्षा हाती असलेल्या मार्गांची नीट जुळणी करणे श्रेयस्कर होय. असे चार मार्ग दिसतात.

पहिला मार्ग पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा. घरपट्टी आणि इतर उत्पन्नातून दरवर्षी ‘तळे देखभाल’ या नावाचे एक स्वतंत्र शीर्ष अंदाजपत्रकात असावे. रक्कम लहान असली तरी चालेल; शीर्ष मात्र कायमचे हवे.

दुसरा मार्ग तळ्याच्या उत्पन्नाचा. मासळीचा ठेका, नौकाविहार, काठावरचे दुकान यांतून जे काही मिळते, त्याचा ठरलेला हिस्सा तळ्याच्या खात्यात जमा व्हावा. जुन्या गावकरीचे तत्त्व ते हेच. तळ्याचा पैसा तळ्यालाच परत मिळतो हे दिसले, की ग्रामस्थ वर्गणीही आनंदाने देतात.

तिसरा मार्ग जैवविविधता कायद्याचा. २००२ च्या या कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असते आणि स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद त्यात आहे. हा निधी संस्थेच्या हद्दीतील जैवविविधतेच्या संरक्षणासाठीच आहे. कित्येक गावांत समिती कागदावर असते. तिला तळ्याचे काम दिले तर तिला खरे काम मिळेल.

चौथा मार्ग शासकीय अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना एकंदर २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली होती. त्यातील मोठा वाटा बांधील होता आणि बांधील कामांत पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर यांचा समावेश होता. प्रत्येक आयोगाच्या अटी वेगळ्या असतात. म्हणून पंचायत सचिवाने चालू आदेश स्वतः वाचावा आणि त्यातील कोणत्या कलमाखाली तळ्याचे काम बसते याचे टिपण सभेपुढे ठेवावे. गाळ काढणे, बांध मजबूत करणे, सांडपाण्याचा नाला वळविणे ही एकवेळची जड कामे अनुदानातून करावीत. रोजच्या राखणीसाठी मात्र अनुदानावर विसंबू नये.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. सहा माणसे महिन्यातून दोन दिवस तळ्यावर काम करतील तर वर्षाचे १४४ मनुष्यदिवस होतात. मजुरी ७०० रुपये धरली तर १,००,८०० रुपये. होडी, जाळी, टेम्पो आणि हातमोजे यांसह दीड लाख रुपये धरावेत. सहाशे घरांच्या गावाने घरामागे वर्षाला शंभर रुपये उभे केले तर ६०,००० रुपये जमतात. उरलेल्या ९०,००० रुपयांची तोंडमिळवणी मासळीचा ठेका आणि पंचायतीचे शीर्ष यांतून करावयाची. आकडे गावागावांत बदलतील. परंतु ही रक्कम गावाच्या आवाक्याबाहेरची नाही, एवढे यावरून दिसते.

खर्च कसा करावा

पैसा हाती आला तरी तो चुकीच्या ठिकाणी गेला तर उपयोग नाही. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट सांडपाण्याची. तळ्यात उतरणारे मैलापाणी आणि साबणाचे पाणी म्हणजे केंदाळाला घातलेले खत होय. एका हाताने वनस्पती काढावयाची आणि दुसऱ्या हाताने तिला खत घालावयाचे, असे चालले तर खर्च कधी संपणार नाही. २०१७ च्या पाणथळ क्षेत्र नियमांनी अशा क्षेत्रात कचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे आणि अतिक्रमण करणे यांस मनाई केली आहे. घरबांधणीच्या परवान्याच्या वेळीच पंचायतीने शोषखड्ड्याची पाहणी केली, तर निम्मे काम बिनखर्चाचे होईल.

दुसरी गोष्ट काढलेल्या ढिगाची. तो तळ्याच्या काठावरच टाकला तर पहिल्या पावसात त्याचा अर्क पुन्हा तळ्यात जातो. ढीग पाणलोटाबाहेर न्यावा, कुजवावा आणि तळ्यात कारखान्याचे सांडपाणी येत नसेल तर ते खत माडांना द्यावे. केंदाळापासून टोपल्या वा कागद करून सारा खर्च भरून निघेल, अशी आशा मात्र धरू नये. तो जोडधंदा होऊ शकतो. राखणीचा आधार नव्हे.

तिसरी गोष्ट कीटकांच्या साह्याची. साल्व्हिनियावरच जगणारा एक बारीक सोंडकिडा ऑस्ट्रेलियातून तपासणी करून भारतात आणला गेला आणि १९८३-८४ च्या सुमारास बंगळूर व केरळ येथे सोडण्यात आला. केरळात ज्या शेतकऱ्यांना भातशेतातून ही वनस्पती काढण्यासाठी हेक्टरी २३५ रुपये खर्च येत होता, त्यांची मजुरी पुढे वाचली. मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातील पडुआ गावच्या सुमारे वीस हेक्टरांच्या तलावात २०१९ च्या अखेरीस हाच कीटक सोडला गेला आणि सुमारे दीड वर्षात तलाव मोकळा झाला. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाने हे काम केले. केंदाळावरही असेच दोन सोंडकिडे १९८३ साली भारतात सोडले गेले. हे कीटक पिकाला लागत नाहीत. परंतु त्यांना अवधी द्यावा लागतो आणि ते तज्ज्ञांच्या हातूनच सोडले गेले पाहिजेत. गोव्यातील पंचायतींना सल्ल्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. जुने गोवे येथेच केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे. ज्या तळ्याचे पाणी विहिरींना आणि माशांना लागते, त्यात तणनाशक औषध ओतण्याचा मार्ग कोणीही स्वतःच्या बुद्धीने धरू नये.

चौथी गोष्ट नोंदवहीची. येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांनी शिक्षकांसह काठावरून तळे पाहावे, हिरवा पट्टा कोठे व अंदाजे किती आहे ते नकाशावर मांडावे, पाण्याची खूण नोंदवावी आणि त्या पानाची एक प्रत पंचायतीला द्यावी. मुलांनी पाण्यात मात्र उतरू नये. केंदाळाच्या खाली खोली दिसत नाही. शंभर चौरस मीटरांचा पट्टा शंभरच असताना कळला, तर या नोंदवहीचे सार्थक झाले.

पाचवी गोष्ट हिशेबाची. तळ्याच्या खात्यात काय आले व काय गेले, याचा कागद प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि पंचायतीच्या फळ्यावर लावावा. म्हणीतला उपरोध खोटा ठरविण्याचा दुसरा मार्ग नाही. ज्याच्या हाती राखण आहे त्याने पाणी चाखावे. पण गावासमोर, आणि गावाबरोबर.

समारोप

तळे एका दिवसात नासत नाही आणि एका दिवसात सुधारतही नाही. पूर्वजांनी बांध घातला तेव्हा त्यांच्याकडे यंत्र नव्हते, अनुदान नव्हते. त्यांच्याकडे दरवर्षी ठरल्या दिवशी होणारी पावणी होती, दरवर्षी बांधावर पडणारी मातीची टोपली होती, आणि ती चुकली तर पीक बुडेल ही जाणीव होती. आजच्या पंचायतीकडे कायदा आहे, तज्ज्ञ आहेत, शाळा आहेत आणि पूर्वी ज्यांना वाटा नव्हता त्या कुळांना व स्त्रियांना ग्रामसभेत आवाज आहे. उणीव आहे ती अंदाजपत्रकातील एका ओळीची.

येत्या ग्रामसभेपुढे ठेवावयाचा ठराव अगदी लहान आहे. गावच्या तळ्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम राखून ठेवावी, तळ्याच्या उत्पन्नाचा हिस्सा तीत मिळवावा, आणि पाऊस सरताच कार्तिकात, पट्टा दोन टनांचा असतानाच, पहिली होडी पाण्यात उतरवावी. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही दुसरी म्हण पाण्याला जशी लागू आहे तशी पैशालाही आहे. दोन्ही म्हणी एका तळ्यावर खऱ्या ठरल्या, तर माघात खालच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या वायंगणापर्यंत पाणी पोचेल.